जुनी सायकल रंगवून का विकली नाही?

मामांची माउंटन बाइक विकली गेली हे कळल्यापासून सगळे हेच विचारतात: विकण्याआधी रंगवून का घेतली नाही? उद्यमनगरात पावडर कोटिंग हाकेच्या अंतरावर असताना ओरखडे पडलेली गाडी गिऱ्हाइकापुढं का ठेवली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घेणाऱ्याला तोच रंग हवा होता.

गाडी स्पेशलाइज्ड या अमेरिकी कंपनीची स्टम्पजम्पर, अगदी सुरुवातीच्या काळातली. मामांनी अमेरिकेतून परतताना सामानातून आणलेली. तिकडं कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून सोडायची. 1976 पासून तिथं 'रिपॅक' नावाची शर्यत व्हायची. उतारावर मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला ब्रेक एवढा तापायचा, की ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब खोलून पुन्हा भरावं लागायचं, म्हणजेच इंग्रजीत 'रिपॅक' करावं लागायचं, म्हणून ते नाव. जो ब्रीझनं 1977-78 मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधल्या, पण मोजक्याच. दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी, कारखान्यात बनलेली स्टम्पजम्पर 1981 ची. तिला माफाकचे ब्रेक आणि टोमासेलीचे मोटरसायकलचे लिव्हर आहेत, कारण डोंगराच्या सायकलीचे सुटे भाग म्हणून वेगळं काही तेव्हा मिळतच नव्हतं. खास डोंगराच्या सायकलीसाठीचा शिमानो कंपनीचा सुट्या भागांचा संच, डिओर एक्सटी, आला 1982 मध्ये. जाणकार माणूस ते लिव्हर बघूनच गाडीचा काळ सांगतो. ते काढून नवे चकचकीत बसवले, तर त्याच्या हाती काय उरलं?

रंग काढायला वाळूचा मारा करतात. त्यात मूळ स्टिकर जातात, आणि वर कोटिंगचा जाड थर चढला की पायडलच्या क्रँकखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर बुजतो. मामा ही गाडी पन्हाळ्यावर न्यायचे. जांभ्यावर घासल्याची खूण चाक धरणाऱ्या चिमट्यावर आहे. तीही मला पुसायची नव्हती.

मी फक्त साबणाच्या पाण्यानं पुसली आणि मेण लावलं. खरी मेहनत सीटच्या दांडीनं घेतली. आपल्याकडच्या पावसात स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमची दांडी घट्ट धरून बसते. हातोडा अजिबात मारायचा नाही. तेल सोडायचं, थांबायचं, परत सोडायचं. दांडी हलते का, हे संग्राहक आधी विचारतात. फोटोही खालून, नंबरचा आणि प्रत्येक पोच्याचा जवळून काढून पाठवला. भाव त्यानंतरच बोललो.

पाठवताना चाकं काढली तर चिमट्याच्या दोन टोकांत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर वाटेत चिमटा दबतो.