चार सेंटीमीटर साखळी

पॅरिसमध्ये मी कपडे दुरुस्तीच्या छोट्या दुकानात कामाला आहे. फॅशनचं शहर वगैरे ऐकायला ठीक आहे, आम्ही दिवसभर जीन्स आखूड करतो आणि झिपा बदलतो.

तर मागच्या महिन्यात एक बाई शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीचं जॅकेट घेऊन आल्या, आईचं, साठच्या दशकातलं. कमरेत चार सेंटीमीटर आत घ्या म्हणाल्या, हल्लीच्यासारखं अंगाबरोबर बसायला हवं. मालकांनी लगेच गुरुवारची तारीख दिली. माणूस चांगला आहे पण कपडा उलटा करून बघायची सवयच नाही.

माझी आई सांगलीत ब्लाउज शिवायची, तिचं एकच, आधी उलटं कर मग कात्री घे. केलं उलटं आणि बघतच बसले. साध्या कोटाचं अस्तर पिशवीसारखं सुटं असतं, एका बाजूने उसवा, टीप आत घ्या, बंद करा, झालं. इथे रेशमी अस्तर ट्वीडला, म्हणजे बाहेरच्या जाड लोकरी कापडाला, उभ्या टिपा मारून जोडलेलं, गोधडीच म्हणा ना, आणि बाहेरून एक टीप दिसत नाही कारण सगळ्या ट्वीडच्या जाड धाग्यांत बुडून जातात. आत ताठपणासाठी बकरम नाही, खांद्याला पॅड नाहीत, म्हणून हातात घेतलं तर स्वेटरसारखं मऊ. अस्तराचे जोड हाताने तुरपलेले, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, इतका वर की हात उचलला तरी जॅकेट जागचं हलू नये. माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, भरपूर सोडलेली. आणि खालच्या काठाला आतून पितळी साखळी, हाताने टाचलेली, म्हणजे वजनाने काठ सरळ खाली राहतो.

आता गंमत बघा. १९४७ ला दिओर या डिझायनरने कंबर आवळलेली, आतून सांगाडा घातलेली फॅशन आणली आणि अख्खं पॅरिस वेडं झालं. ही कंपनी काढणाऱ्या शनेलबाईंनी १९३९ लाच आपलं कपड्यांचं काम बंद केलेलं, पण त्यांना हे बघवेना. बाईला कपड्यात हात हलवता आला पाहिजे, खिसा खरा पाहिजे, हे त्यांचं आधीपासूनचं, पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचं जर्सी कापड बायकांच्या ड्रेसला त्यांनीच वापरलं होतं. ५ फेब्रुवारी १९५४ ला, सत्तराव्या वर्षी, पॅरिसच्या रू काँबाँ या रस्त्यावरच्या आपल्या जागेत परत कलेक्शन दाखवलं. फ्रेंच पेपरवाल्यांनी टिंगल केली, अमेरिकेने उचलून धरलं. फिटिंगला बाही मनासारखी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उसवायच्या. आणि मी त्याच जॅकेटला कंबर काढायला बसलेले!

जॅकेटवाल्या बाईंना सांगून बघितलं. म्हणाल्या, ‘आईला सैल आवडायचं, मला नाही.’ यावर काय बोलणार, जॅकेट त्यांचं. मालक म्हणाले साखळी काढून टाक, फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं ताठ अस्तर, चिकटव, आत कोण बघतंय. फ्युजिंग! तिथे मात्र मी भांडले.

तीन दिवस गेले आणि पैसे घेतले साध्या कोटाचे. जोडाजवळच्या टिपा उसवल्या, ट्वीड हात लावला की सुटतं म्हणून आधी कच्चा टाका घालून ठेवला. माया कापली नाही, सगळी आत दुमडली, तिथे थोडं जाड झालं पण उद्या कोणाला सैल करायचं असेल तर करता येईल. साखळी पहिल्यांदा लावताना बहुतेक मी ओढून धरली, मागचा काठ गोळा व्हायला लागला, सगळी उसवून परत लावली. चार सेंटीमीटर उरली, ती कापावीच लागली.

बाई खूश. आरशासमोर वळून वळून बघितलं, मग केस सारखे करायला हात वर केला आणि जॅकेट कमरेपाशी वर चढलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. मालकांच्या तर नाहीच.

उरलेली साखळी पाकिटात घालून दिली होती ती काउंटरवरच राहिली. फोन केला तर म्हणाल्या टाकून द्या. माझ्या बटणांच्या डब्यात पडली आहे. आत माया ठेवलीय हे मात्र फोनवर सांगायचं राहूनच गेलं.