एचडी व्हिडिओची डीव्हीडी: चित्र नेमकं कुठे बिघडतं

भाचीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं 85 मिनिटांचं चित्रण माझ्याकडे होतं. 1920 बाय 1080, अगदी लख्ख. मावशीला ते तिच्या टीव्हीवर बघायचं होतं आणि तिच्या हाताला सवय आहे ती डीव्हीडी प्लेअरची. एका दुपारचं काम असेल असं वाटलं होतं. तीन आठवडे लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ कन्व्हर्टरमधल्या (व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) एका टिक करायच्या चौकटीने खाल्ला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

एचडीची सगळी बारकाई डीव्हीडीवर येणार नाही हे मला मान्यच होतं. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या मानकातल्या, डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 असतं, म्हणजे फुल एचडीतल्या पिक्सेलच्या बरोबर एक पंचमांश. पण दुकानात विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डीव्हीडी त्याच 720 बाय 576 मध्ये किती छान दिसतात! माझी तबकडी मात्र जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखी दिसत होती. त्यामुळे दोष डीव्हीडीचा नाही, आपल्या वाटेत कुठेतरी काहीतरी सांडतंय, एवढं पहिल्याच दिवशी कळलं.

पहिला संशय बिटरेटवर, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला मिळणाऱ्या डेटावर गेला. कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं: बिटरेट वाढव. वाढवला. डीव्हीडीत व्हिडिओला सेकंदाला जास्तीत जास्त 9.8 मेगाबिट चालतात, म्हणून दहा मिनिटांचा तुकडा जवळजवळ तेवढ्यावर काढून बघितला. काडीचा फरक नाही. भाची उभी असताना चित्र बरं दिसायचं, आणि तिने हात फिरवला की एका हाताचे दोन हात. बोटांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, आणि मागे पुसटशी सावली. ते दृश्य थांबवून मी इतक्या वेळा बघितलंय की त्या बोटांच्या रेघा मला आजही आठवतात.

कारण असं होतं. माझा कॅमेरा 1080आयवर लावलेला होता, म्हणजे इंटरलेस्ड. त्यात एक फ्रेम म्हणजे एक चित्र नसतंच, दोन अर्धी चित्रं असतात. 540 ओळी एका क्षणाच्या, उरलेल्या 540 ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतरच्या, एकाआड एक विणलेल्या. या अर्ध्या चित्रांना फील्ड म्हणतात. आता 1080 ओळींच्या 576 करायच्या म्हटलं की शेजारशेजारच्या ओळी एकत्र मिसळाव्या लागतात. कन्व्हर्टर त्या विणलेल्या अवस्थेतच मिसळत होता, म्हणजे दोन वेगळ्या क्षणांचे हात एकाच ओळीत कालवत होता. एकदा ते कालवलं की पुढे कितीही बिटरेट ओता, वेगळं होत नाही.

मग ती चौकट: ‘डीइंटरलेस’. टिक केली. सावल्या गेल्या, मी खूश झालो, सगळा कार्यक्रम रूपांतरित केला, तबकडी टीव्हीवर लावली आणि गिरकी अडखळायला लागली. ही चौकट दोन फील्डचं मिळून एक चित्र करते. सेकंदाला हालचालीचे 50 टप्पे होते, उरले 25. साध्या गप्पांच्या चित्रणात हे कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण नाचात लगेच खुपतं. टिक काढली तर सावल्या, टिक केली तर धक्के. आणि तो कन्व्हर्टर दोन्ही वेळा ‘उत्तम दर्जा’ असंच लिहून दाखवायचा. तिसरा मार्ग त्या खिडकीत नव्हताच, आणि नाही हे सांगायची सोयही नव्हती.

तिसरा मार्ग असा. आधी प्रत्येक फील्डचं स्वतंत्र पूर्ण चित्र करायचं, म्हणजे सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम. याला बॉब डीइंटरलेस म्हणतात. मग ती 50 चित्रं एकेक करून 720 बाय 576 वर आणायची. आणि शेवटी पुन्हा विणायची: एका चित्राच्या विषम ओळी, पुढच्याच्या सम ओळी. परत 25 इंटरलेस्ड फ्रेम होतात, डीव्हीडीला हव्या तशा, आणि हालचालीचे पन्नासही टप्पे शाबूत राहतात. अ‍ॅव्हीसिंथ या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये क्यूटीजीएमसी नावाच्या स्क्रिप्टने हे फार सुरेख होतं, पण ते रात्रभर चालतं. एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रॅममधलं बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर पुष्कळ वेगवान आहे आणि माझ्या डोळ्यांना पुरेसं वाटलं. एन्कोडरला, म्हणजे डीव्हीडीसाठी व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, हे चित्रण इंटरलेस्ड आहे आणि वरची फील्ड आधी आहे, हे मात्र आवर्जून सांगा. एका प्रयत्नात माझा फील्डचा क्रम उलटा पडला, तर हात पुढे-मागे, पुढे-मागे थरथरायला लागला. ही थरथर दिसली की दुसरं काही शोधू नका, क्रमच उलटा आहे.

ते पहिलं दुरुस्त चित्रण टीव्हीवर लावलं तेव्हा मी खुर्ची ओढून अगदी जवळ बसलो. गिरकी आली. पाचही बोटं मोजता आली!

हे सगळं संगणकाच्या पडद्यावर तपासू नका. तिथला प्लेअर आपल्या परीने फील्ड सांधून घेतो आणि दोष झाकले जातात. एक रीरायटेबल डिस्क घ्या, एक मिनिटाचा सर्वांत धावपळीचा तुकडा तिच्यावर टाका आणि ज्या प्रकारच्या टीव्हीवर बघणार त्यावरच बघा.

आकार कमी करताना सर्वांत धारदार पर्याय निवडायचा मोह होतो. मी लँकझोस हा पर्याय लावला आणि रंगमंचाच्या पायऱ्यांच्या कडा लुकलुकायला लागल्या. इंटरलेस्ड चित्रात एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते, म्हणून ती लुकलुकते. त्याऐवजी बायक्युबिक हा मऊ पर्याय घेतला आणि विणताना उभ्या दिशेने किंचित मऊपणा ठेवला, तेव्हा ते थांबलं.

रंगांचं तर मला उशिरा कळलं. एचडीचे रंग 709 मानकाने लिहिलेले असतात, डीव्हीडीचे 601 ने. हे बदलून घेतलं नाही तर लाल दबतो आणि हिरवा जास्त उजळतो. भाचीचा पोशाख लालभडक होता, तो विटकरीकडे झुकलेला बघून माझ्या बहिणीने सांगितलं, नाहीतर माझं लक्ष गेलं नसतं.

बिटरेटचा हिशोब मात्र करावाच लागतो. 4.7 जीबी म्हणजे 37,600 मेगाबिट. 85 मिनिटांचे 5,100 सेकंद. भागाकार साधारण 7.37, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट. त्यातून आवाजाचे 0.256 वजा केले, थोडी जागा मोकळी सोडली आणि व्हिडिओला सरासरी 6.8 ठेवले, दोन पासमध्ये, म्हणजे आधी एकदा सगळं तपासून मग दुसऱ्यांदा लिहून. दोन तासांचं चित्रण असेल तर हाच आकडा पाचच्या आसपास येतो, तेव्हा दोन तबकड्या कराव्यात किंवा दुहेरी थराची घ्यावी. रंगमंचावरच्या अंधारात दाणे फार होते, आणि एमपेग-2, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओचा प्रकार, त्या दाण्यांवर बिट उधळतो. अगदी हलका नॉइज फिल्टर लावल्यावर चेहऱ्यांना ते बिट मिळाले.

रुंद चित्राची 16:9 ची खूण ऑथरिंग करताना (डीव्हीडीची रचना तयार करताना) बघून घ्या, नाहीतर माणसं उंच आणि काडीसारखी दिसतात.

आणि जागा मोकळी सोडली ती उगाच नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि वाचताना अडखळते ती बहुधा बाहेरच्या काठाशी. म्हणून मी कमी वेगाने बर्न केली आणि मावशीकडे पाठवण्याआधी शेवटची पाच मिनिटं सर्वांत पहिल्यांदा लावून बघितली. भाचीचा सगळ्यात जलद नाच तिथेच आहे.