भोगवटादाराचा रकाना

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात निम्म्या घरांना वर्षभर कुलपं असतात. माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर. केरळ, तामिळनाडू, पार उत्तरेपर्यंत. सोनं-चांदी गाळायची दुकानं तिकडं, घर इकडं. चैत्रात जत्रा आली की कुलपं निघतात आणि ग्रामपंचायतीत एकदम रांग लागते. थकलेली घरपट्टी, बंद नळ, वाटणी, वारस नोंद, सगळं त्याच आठवड्यात. माझ्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण काम ग्रामसेविकेचंच आहे आणि जत्रेच्या आठवड्यात जेवायलाही फुरसत नसते.

त्याच रांगेत ती बाई होती. गावातच राहणारी, बाहेरून आलेली नव्हे. हातात घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा, वर्षवार लावून पिना मारलेला. इतक्या नीट पावत्या पगारदार लोकही ठेवत नाहीत.

"मॅडम, मामांना जाऊन लई वर्सं झाली. घरपट्टी मी भरतीय, पाणीपट्टी मी भरतीय. पावतीवर नाव मामांचंच. ह्यात मी कुठाय?"

मामा म्हणजे सासरे. नवरा केरळात दुकानावर असतानाच वारला. दीर आणि जाऊ अजून तिकडंच. दोन खोल्या, पडवी आणि मागचं परडं हिनं एकटीनं सांभाळलं, सासूचं शेवटचं आजारपणही हिनंच काढलं.

वारस म्हणून तिचं नाव लागायला कायद्याची आडकाठी नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. अडलं होतं ते कागदावर. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा, आणि तो दिराकडं. "तुम्हीच द्या की दाखला," असं ती म्हणाली, गलाईवाल्यांची बरीच घरं असंच म्हणतात. पण मृत्यू जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते. 1969 चा कायदा तसाच आहे. गावचा माणूस असला, तेरावं गावात झालं, तरी मला ती नोंद घालता येत नाही. त्यात दिरानं वारस नोंदीला लेखी हरकत दिली. हरकत आली की आम्ही थांबतो. मालकी ठरवायचा अधिकार दिवाणी कोर्टाचा, ग्रामपंचायतीचा नाही.

इथं नमुना 8 बद्दल सांगायला हवं. ही कर आकारणीची नोंदवही. घराची लांबी-रुंदी, बांधकाम मातीचं की विटांचं की आरसीसी, भांडवली मूल्य, बसणारा कर, हे सगळं तिच्यात. उताऱ्यानं मालकी सिद्ध होत नाही, तो फक्त करापुरता, असं प्रशिक्षणात घोकून घेतात. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. घर कुणाच्या नावावर आहे हे दाखवणारा लोकांच्या हातातला कागद हाच. बँक तो मागते, घरकुलाला तो लागतो. आणि आता ड्रोन मोजणी. स्वामित्व योजनेत गावठाणाची हद्द चुन्यानं आखतात, वरून फोटो घेतात, मग भूमि अभिलेखची माणसं चौकशीला बसतात आणि समोर आमचा नमुना 8 ठेवतात. ज्याचं नाव नमुन्यात नाही, त्याचं मिळकत पत्रिकेत, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदात, कुठून येणार? करापुरता म्हणून हलका धरलेला कागद त्या दिवशी सगळ्यात जड होतो, आणि ही गोष्ट वरच्या कुठल्याही बैठकीत कुणी धडपणे बोलत नाही.

2003 च्या परिपत्रकानं घराच्या नोंदीत नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायला सुरुवात झाली. चांगलं काम झालं. पण नवऱ्याचंच नाव लागलेलं नसेल तर बायकोचं कुणाशेजारी लावायचं? एकत्र घरातल्या सुना त्यातून सरळ गळाल्या.

मासिक सभेत विषय ठेवला. उपसरपंच म्हणाले, "भाऊबंदकीत ग्रामपंचायतीनं कशाला पडायचं? बाहेर बसून मिटवू." सदस्यांनी माना डोलावल्या. मला राग येतो तो याचा. बाहेर बसून मिटवतात तेव्हा बाईनं गप्प बसायचं एवढंच ठरतं. सरपंच वहिनी सभेत फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "घर कुणाचं ते राहू द्या. ती तिथं राहते हे तरी कोण नाकारतंय का?"

कुणालाच नाकारता येईना. आणि नमुना 8 मध्ये मालकाच्या नावाशेजारी आणखी एक रकाना आहे: भोगवटा करणाऱ्याचं नाव. घरात प्रत्यक्ष कोण राहतं, त्याचा. चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा तो भरायचा असतो. गावोगाव त्यात 'स्वतः' असं एकदा लिहितात आणि खाली शेवटपर्यंत खुणा ओढतात. मालक वारला तरी 'स्वतः'. घराला कुलूप असलं तरी 'स्वतः'. पुढं ऑनलाइन नोंद करतानाही तसंच उचललं गेलं.

दुपारी शिपाई आणि दोन शेजारी पंच घेऊन घरी गेले. टेप लावली, पडवी धरून मापं घेतली. रेशनकार्ड, मतदार यादीतला पत्ता, पावत्यांवरची 'हस्ते' म्हणून तिची सही, सगळं पंचनाम्यात लिहिलं. दीर गावी आलेले, तेही हजर होते. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मातीचं माळवद काढून स्लॅब पडला तो त्यांच्या पैशातून, आणि घाम त्यांनी तिकडं भट्टीपुढं गाळला होता. "आज राहते लिवलं, उद्या मालकी सांगंल," म्हणाले. मालकाचा रकाना तसाच राहतोय, तुमचा हक्क जात नाही, हे दोनदा समजावलं. सही करीनात. पंचांसमोर 'सही करण्यास नकार' असं नोंदवलं आणि पुढं गेले.

ठराव झाला, नोंद झाली. उतारा हातात दिला तेव्हा तिनं बोट ठेवून नाव वाचलं आणि विचारलं, "म्हंजे घर माझं झालं?"

"नाही. तुम्ही इथं राहता, हे कागदावर आलं."

"मग उद्या बाहेर काढलं तर?"

कोर्टात हा कागद दाखवता येईल, म्हणाले. ते खरंच आहे, पण ज्या बाईला तालुक्याला जायचं भाडं मोजून जावं लागतं तिला हे उत्तर किती उपयोगाचं, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. कुणी म्हणेल, अर्धवट नोंद करून मी तिला खोटी आशा दिली. मला ते पटत नाही. भोगवट्याचा रकाना कायद्यानं दिलेला आहे, आणि खरं काय ते लिहिणं हे माझं काम आहे.

दिराची हरकत फाइलला आहे. वारस नोंद अडलेलीच आहे. केरळातल्या ज्या ठिकाणी मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडं दाखल्यासाठी तिच्या नावानं अर्ज लिहून दिलाय. तो आला की विषय पुन्हा सभेपुढं ठेवणार. तोवर मोजणीची चौकशी गावात येण्याआधी तिन्ही वॉर्डांतले 'स्वतः' तपासायला घेतलेत. पहिल्याच वॉर्डात अशी बरीच घरं निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांत राहतेय ती सून.