लियॉन ते बोर्डो ट्रेनने: पॅरिसमधली ती ५२ मिनिटं

आधी मुद्द्याचं सांगतो. लियॉनहून बोर्डोला थेट ट्रेन नाही. सकाळी नाही, रात्री नाही, रविवारीही नाही. नकाशात दोन्ही शहरं एका सरळ रेषेत आडवी दिसतात, मध्ये साडेचारशे किलोमीटरही नाहीत, आणि आपल्या डोक्यात असतं की फ्रान्स म्हणजे टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांचा देश आहे, तीन तासात पोचू. मीही तेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात लियॉनहून वर पॅरिसला जायचं, पॅरिसमध्ये एक स्टेशन सोडून दुसऱ्या टोकाचं स्टेशन गाठायचं आणि तिथून खाली बोर्डोला यायचं, म्हणजे साडेनऊशेच्या वर किलोमीटर. गाड्या वेगवान आहेत, दोन तास आणि दोन तास, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सगळा घोळ मधल्या टप्प्यात आहे आणि तिथे आम्हाला तीस हजाराच्या वर रुपयांचा फटका बसला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्ही तिघं, मी, बायको आणि आई. धाकटी बहीण बोर्डोला असते. आईचं वय सदुसष्ट, चालते व्यवस्थित पण जिने चढताना गुडघे बोलतात. सामान म्हणजे दोन मोठ्या बॅगा, एक केबिन बॅग आणि बहिणीसाठी नेलेल्या लोणच्या-चटण्यांची पिशवी.

तिकिटं मी भारतातूनच काढली होती, एका तिसऱ्याच वेबसाइटवरून, कारण तिथे माझं कार्ड पहिल्या झटक्यात चाललं. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, लियॉन ते बोर्डो, एक बदल, पॅरिस, ५२ मिनिटं. मला वाटलं ५२ मिनिटं म्हणजे भरपूर, चहा घेऊन निवांत दुसऱ्या गाडीत बसू. 'पॅरिस' एवढंच ठळक होतं, स्टेशनांची नावं तिकिटाच्या पीडीएफमध्ये बारीक अक्षरात. उतरायचं गार द लियॉनला, चढायचं गार माँपार्नासला. आपल्याकडे पुण्याहून सीएसएमटीला उतरायचं आणि पुढची गाडी वांद्रे टर्मिनसवरून पकडायची, तसं हे. कोणी तुम्हाला असं तिकीट ५२ मिनिटांच्या फरकाने विकलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आणि गार द लियॉन हे स्टेशन पॅरिसमध्ये आहे, लियॉनमध्ये नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. लियॉनकडे जाणाऱ्या गाड्यांचं स्टेशन म्हणून ते नाव. लियॉनचं मुख्य स्टेशन लियॉन पार-द्यू. उतरल्यावर भिंतीवरची पाटी वाचून आई थांबलीच, "अरे, आपण लियॉनहूनच निघालो ना, मग परत लियॉन कसं आलं?" तिला समजावण्यात दोन मिनिटं गेली, पण तिचा प्रश्न बरोबर होता, माझाही बुकिंग करताना तिथेच गोंधळ झाला होता.

गाडी अगदी वेळेवर आली, १०:५८ ला. पुढची ११:५०. टीजीव्हीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, म्हणजे खरी वेळ ११:४८. आमच्या जागा डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिना, खालून वर येणारी माणसं, दोन बॅगा खाली उतरवेपर्यंत ११:०६. आईला मेट्रोचे जिने नकोत म्हणून टॅक्सी करायची ठरली. बाहेर टॅक्सीच्या रांगेत बरीच माणसं होती आणि तेवढ्यात स्टेशनच्या आतच एक माणूस "टॅक्सी? टॅक्सी?" करत आला. घाई होती, मी हो म्हणालो. ही माझी दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी. व्हॅन कुठे तर पलीकडच्या गल्लीत. मीटर नाही, पावती नाही, साठ युरो आधी हातात. मीटरने याच्या निम्मेसुद्धा झाले नसते. गाडी सिग्नलला उभी, मागच्या सीटवर बायको मोबाइलमध्ये घड्याळ बघतेय, आई पिशवी घट्ट धरून गप्प बसलेली. ११:४४ ला माँपार्नासच्या बाहेर उतरलो. तिथून आत, सरकते जिने, प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी तिकीट स्कॅन करायची गेटं. गेटपाशी पोचलो ११:४९ ला. गाडी समोर उभी दिसत होती आणि आम्हाला आत सोडलं नाही. ती हलताना आम्ही तिघांनी बघितली.

पुढचं आणखी वाईट. काउंटरवर कळलं की आमची दोन तिकिटं सुटी आहेत, दोन वेगळे बुकिंग नंबर, वेबसाइटने फक्त एकत्र दाखवली होती. म्हणजे दुसऱ्या गाडीच्या दृष्टीने आम्ही आलोच नाही, तिकीट बाद, १४७ युरो गेले. तो दिवस असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवसाचा बुधवार. मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची रांग असते, १ मे, ८ मे, मग असेन्शनचा गुरुवार, आणि लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात. सगळं भरलेलं. अडीच तासांनंतरच्या गाडीत तीन जागा मिळाल्या, माणशी ९४ युरो, तिघं तीन डब्यात. २८२ अधिक टॅक्सीचे साठ, करा बेरीज. शिवाय त्या वेबसाइटने तिकिटामागे सात युरो सेवाशुल्क घेतलं होतं ते वेगळंच. फ्रेंच रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्ट या अधिकृत ॲपवर असलं शुल्क नाही, किंमत तीच आणि ॲप इंग्रजीत चालतं. तिसऱ्याकडून तिकीट घेऊच नका, माझं मत स्पष्ट आहे.

हे असं पॅरिसमार्गे का, असं बहीण-मेव्हण्याला विचारलं तर कळलं की मूळ पार १८४२ सालात आहे. त्या वर्षीच्या कायद्याने रेल्वेचं जाळं आखलं ते पॅरिसमधून चहूकडे किरण निघावेत तसं, लेग्रां या अभियंत्याच्या नावावरून त्याला लेग्रांचा तारा म्हणतात. पुढे हायस्पीड लाइनही बहुतेक त्याच साच्यात पडल्या, लियॉनची १९८१ मध्ये सुरू झाली, तूर ते बोर्डोची २ जुलै २०१७ ला, आणि पॅरिस-बोर्डो दोन तासांवर आलं. आडवे मार्ग मात्र वाळत गेले. लियॉन-बोर्डो थेट गाडी डोंगराळ भागातून पूर्वी होती, ती २०१२-१४ च्या दरम्यान संपली. ती पुन्हा चालवायची म्हणून रेलकूप नावाची सहकारी संस्था २०१९ मध्ये निघाली, हजारो सामान्य लोकांनी भागभांडवल घातलं, पण प्रवासी गाडी एकदाही न धावता २०२४ मध्ये संस्था बुडाली. सहकाराच्या मुलखातून आल्यामुळे हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

आता तुम्हाला पॅरिसमधून जायचंच असेल तर. गार द लियॉन ते माँपार्नास मेट्रोने जा, टॅक्सीचं नाव काढू नका. गुगल तुम्हाला १४ नंबरने शातले आणि तिथून ४ नंबर सांगेल. शातलेला सामान घेऊन बदलू नका, तिथले बोगदे संपतच नाहीत. त्यापेक्षा १४ नंबरने फक्त एक स्टेशन, बेर्सी, आणि तिथून ६ नंबर थेट माँपार्नास-बियँव्हन्यू. चालणं धरून पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. १४ नंबरला लिफ्ट आहेत पण ६ नंबर जुनी लाइन, तिथे जिने आलेच, मोठी बॅग उचलायची ताकद पाहिजे. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर ९१ नंबरची बस, चढायला खालच्या पातळीची, पण रस्त्यावरच्या ट्रॅफिकवर सगळं अवलंबून. टीजीव्हीच्या तिकिटात मेट्रो धरलेली नसते. माणशी अडीच युरोच्या आसपास तिकीट, आणि ते भरायला दोन युरोचं नाविगो ईझी कार्ड, प्रत्येकाचं वेगळं, एका कार्डावर तिघांना जाता येत नाही. कार्ड देणाऱ्या मशीनपुढेही रांग असते, ती वेळ धरा.

या सगळ्याला मी किमान दीड तास सांगेन, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दोन. कोणी म्हणेल आम्ही पन्नास मिनिटांत केलं, केलं असेल, पाठीवर एक सॅक घेऊन एकटे असाल तर होईल. माँपार्नासला पोचल्यावरही काम संपत नाही, तिथे तीन हॉल आहेत आणि वोजिरार नावाचा तिसरा हॉल चांगलाच आत आहे. प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर साधारण वीस मिनिटं आधी लागतो. आणि बऱ्याचदा दोन गाड्या एकमेकींना जोडून लावलेल्या असतात, आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, कधी कधी पुढे जाऊन दोघी वेगळ्या गावांना जातात. म्हणून डबा नंबर बघूनच चढा, "आत जाऊन शोधू" ही आपली सवय तिथे चालत नाही.

बुकिंग करताना दोन्ही गाड्या एकाच बुकिंगमध्ये आल्या पाहिजेत. तसं असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर तुम्हाला पुढच्या गाडीत घेतात. सुट्या तिकिटांना हे संरक्षण नाही, म्हणून पहिला टप्पा फ्रेंच रेल्वेच्याच स्वस्तातल्या विगो गाडीने किंवा पॅरिस-लियॉनवर चालणाऱ्या त्रेनितालिया या इटालियन कंपनीच्या गाडीने आणि दुसरा नेहमीच्या टीजीव्हीने, म्हणजे टीजीव्ही इनवीने, अशी जोडणी करताना मध्ये तीन तास ठेवा नाहीतर करू नका. विगोत मोठ्या बॅगेचे जास्तीचे पैसे लागतात हे विसरून लोक खूश होतात. इनवीतही आता माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली एवढीच मुभा आहे आणि बॅगेवर नावाची पट्टी हवी. इनवीचं तिकीट साधारण आठवडाभर आधीपर्यंत फुकट बदलता येतं, नंतर पैसे कापतात. सीट निवडताना खालचा मजला मागा.

साठीच्या वरच्यांसाठी ४९ युरोचं सीनियर कार्ड आहे, ३० टक्के सूट. पण हिशोब करा, आईची जाता-येताची तिकिटं मिळून १५० च्या आत होती, सूट ४५ होते, कार्ड ४९ चं. एकाच फेरीसाठी नको, तीन-चार प्रवास असतील तर जरूर घ्या.

भारतीय कार्डाचं म्हणाल तर निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, आपल्याकडे ते मुळात बंद असतात, आणि ओटीपी येणारा नंबर रोमिंगवर ठेवा. त्या दिवशी माँपार्नासला माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, शेवटी बायकोच्या फॉरेक्स कार्डावर तिकिटं निघाली.

दक्षिणेकडूनही एक वाट आहे. लियॉनहून माँपेलिए आणि तिथून तुलूझवरून बोर्डोला जाणारी इंटरसिटी. साडेसहा-सात तास लागतात पण पॅरिस नाही. मात्र तिथेही स्टेशनाचा सापळा आहे, माँपेलिएला सँ-रॉक हे गावातलं आणि सुद द फ्रान्स हे २०१८ ला गावाबाहेर झालेलं. इंटरसिटी सँ-रॉकवरून सुटते आणि काही टीजीव्ही तुम्हाला बाहेरच्या स्टेशनात सोडतात. वेळ असेल, सामान कमी असेल तर हा मार्ग घ्या.

विमान म्हणाल तर लियॉन-बोर्डो विमानं आहेत. अडीच तासात ट्रेनने पोचता येतं तिथली काही देशांतर्गत विमानं २०२३ मध्ये बंद केली, पण या मार्गाला ट्रेनने तेवढ्यात पोचताच येत नाही.

बोर्डोतले पाच दिवस छान गेले. स्टेशनातून सी लाइनची ट्राम गावात जाते.

परतीसाठी मेव्हण्याने एक रात्र बसून शोधलं आणि जे सापडलं ते मी आधी का नाही केलं याची हळहळ वाटते. पॅरिसच्या दक्षिणेला मासी टीजीव्ही म्हणून स्टेशन आहे. बोर्डोहून लीलकडे जाणाऱ्या काही गाड्या पॅरिस शहरात न शिरता मासीला थांबतात, आणि रेन-नाँतकडून लियॉनला जाणाऱ्याही तिथेच थांबतात. दिवसात मोजक्याच जोड्या जमतात, म्हणून ॲपमध्ये आधी बोर्डो ते मासी आणि मासी ते लियॉन असं वेगवेगळं बघून वेळा लिहून घ्या, मग बोर्डो ते लियॉन असं शोधून नेमकी तीच जोडी एका बुकिंगमध्ये निवडा. बदलाच्या ठिकाणी दोन्ही बाजूंना मासी टीजीव्ही हेच नाव दिसलं पाहिजे. डिस्नेलँडजवळच्या मार्न-ला-व्हॅले शेसी स्टेशनवरही अशीच जोडी जमते. चार-सहा युरो जास्त लागले तरी डोळे मिटून हेच घ्या.

मासी स्टेशन काही बघण्यासारखं नाही. वारा भयंकर लागतो, बसायला जागा थोडी, खायला जवळपास काही नाही म्हणून डबा बरोबर ठेवा. आम्हाला मध्ये ४१ मिनिटं होती. एका प्लॅटफॉर्मवर उतरलो, लिफ्टने वर जाऊन दुसऱ्यावर आलो, सहा मिनिटं लागली. आईने बाकावर बसून बहिणीने दिलेल्या पोळ्यांची पुडी सोडली, वारा लागत होता म्हणून शाल कानावर घेतली, आणि बोर्डावर लियॉन पार-द्यू हे नाव आलं तेव्हा मला हाक मारून विचारलं, "हे खरं लियॉन ना?"