बेसमेंटच्या फ्लोअर ड्रेनला ट्रॅप प्रायमर: काँक्रीट ओतण्याआधीची नोंद

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये बाथरूमचं काम चालू आहे. त्यासाठी जमीन फोडलेलीच होती, म्हणून फर्नेसजवळचा (घर तापवणाऱ्या भट्टीजवळचा) जुना फ्लोअर ड्रेन, म्हणजे जमिनीतली पाणी जाण्याची जाळी, काढला आणि प्रायमरसाठी बाजूला अर्ध्या इंचाचं तोंड असलेला नवा बसवला. ट्रॅप म्हणजे ड्रेनखालचा वाकडा पाइप, त्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं; प्रायमर त्यात अधूनमधून थोडं पाणी सोडून तो भरलेला ठेवतो. ड्रेन, ट्रॅप, प्रायमर आणि मधली नळी, सगळं जागेवर आहे. खड्डा अजून उघडा आहे.

आधी या ड्रेनमधून वास का यायचा ते सांगतो. उन्हाळ्यात एसीचं पाणी याच ड्रेनमध्ये ठिबकतं, त्यामुळे ट्रॅप भरलेला राहतो. आमची फर्नेस मात्र जुन्या धाटणीची, धूर चिमणीतून सोडणारी. तिच्यातून पाणी निघत नाही, उलट हिवाळाभर घरातली हवा कोरडी पडते. ट्रॅपमधलं दोन इंचांचं पाणी आटत जातं आणि ऐन थंडीत, खिडक्या बंद असताना, गटाराचा वास वर येतो. तुमची फर्नेस कंडेन्सिंग प्रकारची (धुरातल्या वाफेचं पाणी करून बाहेर सोडणारी) असेल आणि तिची नळी ड्रेनमध्ये सोडलेली असेल, तर हिवाळ्यातही पाणी मिळत राहतं. प्रायमर विकत आणण्याआधी एवढं जरूर बघा.

पुण्याकडे बेसिनचं पाणी नहाणी ट्रॅपमध्ये सोडतात, त्यामुळे बेसिन वापरात आहे तोवर ट्रॅप कोरडा पडत नाही. इथेही सिंकखालच्या पाइपला फाटा काढून तसं करता येतं. पण आमचं नवं बेसिन पार दुसऱ्या टोकाला येणार आहे, म्हणून दाबाच्या चढउतारावर चालणारा पितळी प्रायमर घेतला. अशा प्रायमरवर एएसएसई १०१८ हा अमेरिकेतल्या प्लंबिंग मानकाचा शिक्का बघून घ्यावा.

याची रचना मला फार आवडते. आत पाण्याच्या दाबाने तोललेला दट्ट्या असतो. त्याच लाइनवरचा नळ उघडला की दाब क्षणभर उतरतो, दट्ट्या हलतो आणि थोडंसं पाणी खाली सुटतं. वीज नाही, टायमर नाही. म्हणूनच तो कुठल्या लाइनवर बसवायचा, हाच खरा प्रश्न. मेन पाइपवर दाबाची घसरण जेमतेम जाणवते. मी वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटला जाणारी अर्ध्या इंचाची थंड पाण्याची लाइन निवडली, कारण फ्लश दिवसभर चालूच असतो. फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढला, म्हणजे तळाशी बसणारा गाळ आत शिरत नाही. प्रायमरच्या आधी बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) आहे. पुढेमागे साफसफाईला काढावा लागणारच.

जोडण्याआधी लाइन बादलीत मोकळी सोडली. पहिल्या धारेबरोबर काळपट कण आणि पाइप झाळताना लावलेल्या फ्लक्सचा चिकट तवंग आला. यातला एखादा कण दट्ट्याच्या सीलमध्ये अडकला तर प्रायमर अखंड ठिबकत राहतो किंवा साफ बंद पडतो.

प्रायमर लेव्हल लावून अगदी उभा बसवलाय, जमिनीपासून दोन फुटांवर. नळीच्या दर २० फुटांमागे किमान १२ इंच उंची हवी; आमची नळी त्याहून बरीच आखूड आहे. काँक्रीटखाली जाणारा पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) पाइप सलग ठेवला, मध्ये एकही जोड नाही, आणि ड्रेनकडे उतार दिला.

मग वर कुणीतरी फ्लश केला. प्रायमरच्या खालच्या अंगाला हवेसाठी ठेवलेल्या खिडक्या आहेत. तिथे टॉर्च धरली तर आधी पितळेच्या कडेला एक थेंब फुगला, मग बारीक धार आली आणि लगेच थांबली. टाकी भरून झाल्यावर पुन्हा तसंच. ट्रॅपमध्ये निळा खाण्याचा रंग घातलाय. तो फिका पडत चाललाय, म्हणजे नवं पाणी पोचतंय.

एक अडचण यातून सुटत नाही. हिवाळ्यात भारतात जाताना आम्ही मेन व्हॉल्व्ह बंद करून जातो. तेव्हा दाबही नाही आणि वापरही नाही, म्हणजे प्रायमर ठप्प. निघण्याआधी ट्रॅप भरून वर थोडं मिनरल ऑइल ओतायचं ठरवलंय, त्याच्या थराखाली पाणी सावकाश आटतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

आता टाऊनशिपचा प्लंबिंग इन्स्पेक्टर बघून गेला की खड्डा भरायचा. प्रायमर भिंतीआड जाईल, तिथे उघडता येणारं झाकण ठेवणार आहे. ते किती मोठं करावं, यावर अजून विचार चालू आहे. पान्हा फिरायला दोन्ही बाजूंनी जागा हवी.