हंड्याच्या दारात ताटकळताना

'नाइट लोर' काल रात्री एकदाचा सुटला. १९८४चा, ४८ केबी मेमरीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचा खेळ. मी खेळलो लॅपटॉपवर, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये. खेळाचा नायक सेबरमन, त्याला शाप आहे, सूर्य मावळला की त्याचा नरलांडगा होतो. उतारा एकच: मेल्खिओर जादूगाराच्या हंड्यात १४ वस्तू टाकायच्या. मुदत ४० दिवस, खोल्या १२८. पुढची वस्तू कोणती हवी ते हंडाच दाखवतो.

खोल्या हिंडणं जमतं. कागदावर नकाशा काढला की झालं. माझं भांडण त्या हंड्याशी आहे.

पहिल्यांदा स्फटिकाचा गोळा घेऊन धापा टाकत दाराशी पोचलो आणि खालच्या चौकटीतला सूर्य नेमका तेव्हाच मावळला. गडी तडफडायला लागला. त्या वेळात बटणं कितीही बडवा, तो ऐकत नाही. लांडगा झाल्यावर तसाच आत घुसलो, तर हंड्यानेच अंगावर चाल केली. एक जीव गेला. लांडग्याचं काम तिथे होत नाही! बरं, उजाडेपर्यंत थांबावं तर मुदतीचे दिवस चालूच. साहेब जेवायला गेलेत, पण अर्जाची शेवटची तारीख मात्र आजच, असा प्रकार. असं चार वेळा झालं. एकदा तर उजाडलं आणि माणूस होता होताच बाजूच्या पहारेकऱ्याने उडवला. लॅपटॉप मिटून झोपलो.

तर, वाट बघायची ती शेजारच्या रिकाम्या खोलीत, जिथे काही हलत नाही तिथे. एम्युलेटरचा वेग वाढवला की रात्र भरभर सरते. याला लबाडी म्हणा, मला चालेल.

म्हणे हा खेळ तयार असूनही बनवणाऱ्या स्टॅम्पर बंधूंनी तो मागे ठेवला आणि आधी सेबरमनचाच दुसरा खेळ, 'सेबर वुल्फ', बाजारात आणला. थांबायला लावणं तिथपासूनच!

नकाशा काढताना आणखी एक त्रास होतो. अख्खी खोली एकाच रंगात असते, कारण स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग मावतात. त्यामुळे ठोकळा मागे आहे की वर, हेच कळत नाही. गड्याला जवळ नेऊन कोण कोणाला झाकतं ते बघायचं. उंच जागी चढायला हातातली वस्तू पायाखाली टाकता येते, हे मला नवव्या वस्तूला कळलं. तोवर नुसत्या उड्या.

चौदावी वस्तू पडली तेव्हा सूर्य कडेला टेकला होता. दिवस ३८वा. मी खुर्चीतून उठून ओरडलो, हे कबूल.

हो, एक राहिलंच. उजवीकडचं बटण दाबलं की गडी तिकडे जात नाही, जागच्या जागी वळतो. मेनूत 'डायरेक्शनल कंट्रोल' असा पर्याय आहे, जॉयस्टिक ढकलाल तिकडे गडी सरळ जातो. जॉयस्टिकवाल्यांनी तो आधी बघून घ्यावा. मला तो आज सकाळी दिसला.