'डिगिटाल इस्ट बेसर' ऐकताना

टोकोट्रॉनिक या जर्मन रॉक बँडचा 'डिगिटाल इस्ट बेसर' ('डिजिटल जास्त चांगलं') लावला की पहिल्या मिनिटातच वाटतं, रेकॉर्डिंग अर्धवट सोडलंय. गिटार खरखरीत, गळा न कमावलेला. तरी बंद करू नका. हाम्बुर्गच्या या तिघांचा, म्हणजे डिर्क फॉन लोत्सो (गळा, गिटार), यान म्यूलर (बेस) आणि आर्ने त्सांक (ड्रम) यांचा हा पहिला अल्बम. १९९५ साली 'लाज दॉर' या रेकॉर्ड लेबलवर आला. त्याचा जीव शब्दांत आहे.

इथे गाण्याचं नाव म्हणजे बऱ्याचदा सबंध वाक्यच. 'इश म्योश्ते टाइल आयनर युगेन्डबेवेगुंग झाइन' हेच घ्या: 'मला एखाद्या युवा चळवळीचा भाग व्हायचंय'. उच्चारात बारा अक्षरं (सिलेबल), त्यातली पाच एकट्या 'युगेन्डबेवेगुंग'ची. आणि 'झाइन' हे क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या टोकाला! ओळ संपेपर्यंत कान हलवता येत नाही. इतकं लांब वाक्य रॉकच्या चालीत कोंबताना जी ओढाताण होते, तीच मला या अल्बमची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. घोटीव गळ्यानं ती लपली असती.

दुसऱ्या एका गाण्याचं नाव 'आपण काही सिॲटलमध्ये नाही, डिर्क' असं आहे. गिटार ग्रंजच्या, म्हणजे सिॲटलच्या खरखरीत रॉकच्या घराण्यातली, आणि गायकाला त्याच्याच नावानं हटकलंय.

ऐकताना हमखास होणारी चूक म्हणजे बेस बूस्ट, खालचे सूर वाढवणं. बेस गिटार आणि किक ड्रम फुगतात, शब्द बुडतात. ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, चढवला तर 'श', 'त्स' उठून दिसतात खरे, पण झांजाही त्याच पट्ट्यात असल्यानं कान दुखतात. इक्वलायझर (सूरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) सपाट ठेवा. शब्द अगदीच हरवत असतील तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको. तिथे गिटारही आहे, तीही सोबत वर येते. शफल बंद करा. गाणी भरपूर आहेत, दोन बैठकांत ऐकलीत तरी चालेल.

त्याआधी नुसत्या नावांचे अर्थ वाचून घ्या. मग पहिलं गाणं, 'फ्रायबुर्ग', पुन्हा लावा. एकटा पडलेला माणूस गावातल्या सायकलवाल्यांवर चिडलाय. का, ते त्यालाही ठाऊक नाही. एवढ्याशा रागाला एवढी मोठी गिटार, आणि ती अगदी खरी वाटते.